बरडावरचे वीस चौकोन

नागपूरहून जाताना सावनेरच्या अलीकडे मोठा रस्ता सोडून आत वळलं की एक बुटकी टेकडी लागते. तिच्यावर एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद असे वीस चौकोन आहेत. प्रत्येकाच्या चारही कोपऱ्यांना लोखंडी खुंट्या ठोकलेल्या आहेत, त्यांना पिवळा रंग दिलेला आहे. गेली वीसेक वर्षं मी दर भाद्रपदात तिथं गुडघे टेकून बसते आणि प्रत्येक चौकोनातली रोपं मोजते. तुम्ही काय काम करता असं कुणी विचारलं तर मी एवढंच सांगायची. समोरचा माणूस थोडा थांबायचा, याच्या पुढं काहीतरी असेल म्हणून. बरीच वर्षं पुढं काही नव्हतंच.

मोजायची ही खोड मला वाळवंटानं लावली. एम.एस्सी. झाल्यावर चार वर्षं मी पश्चिम राजस्थानात संशोधनाला होते. तिथले आमचे सर ठरलेल्या जागी जाऊन तेच गवत, तीच झुडपं वर्षानुवर्षं मोजत आलेले होते. शेजारी पाऊस मोजायचं यंत्र. एखाद्या वर्षी रेतीत काडी दिसायची नाही. पुढच्या वर्षी वेळेवर दोन सरी आल्या की त्याच रेतीत पाय ठेवायला जागा नसायची. बी तिथंच होतं, पुरलेलं, आपली वेळ ओळखून गप्प बसलेलं. मला हे इतकं आवडलं की नागपूरच्या कॉलेजात नोकरी लागली, लग्न होऊन तिथल्याच नंदनवन वस्तीत घर झालं, तरी डोक्यातून जाईना.

तसलंच काम इथं करायचंय असं मी विभागात म्हटलं तेव्हा सगळे हसले. नागपुरात कसलं आलंय वाळवंट? पण ज्यानं बरड जमीन पाहिली आहे त्याला हा प्रश्न पडणार नाही. वर मुरूम, खाली दगड, माती बोटभर. पाऊस चांगला पडतो, पण पाणी तिथं ठरत नाही, वाहून जातं. चार महिने सोडले तर ती टेकडी वाळवंटच असते. मे महिन्यात तिथल्या दगडाला हात लावून दाखवा.

टेकडी एका शेतकरी जोडप्याची होती. खाली त्यांचं कापसाचं आणि तुरीचं वावर, एक विहीर, आणि वर हा न पिकणारा तुकडा. नवऱ्यानं लगेच होकार दिला. तिथं तसंही काही येत नाही, खुशाल मोजा, म्हणाला. त्याची बायको बाजूला उभी होती. माझ्यापेक्षा आठदहा वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला पहिल्यापासून काकू म्हणते. तिनं नवऱ्याकडे पाहिलं आणि शांतपणे दुरुस्ती केली. "काहून नाही येत? घागरी येते ना."

घागरी म्हणजे खुळखुळ्याच्या जातीचं वीतभर रोप. पिवळी फुलं, फुगीर शेंगा, आणि शेंग वाळली की आतलं बी वाजतं. त्या वर्षी टेकडी घागरीनं पिवळी झाली होती. दुसऱ्या वर्षी पाऊस जवळजवळ तेवढाच झाला आणि घागरीचं एक रोप दिसलं नाही. मला माझा प्रश्न मिळाला. कोणता पाऊस पडला म्हणजे घागरी येते?

पाऊस रोज मोजायला हवा होता आणि मी रोज जाऊ शकत नव्हते. काकूंनी तो भार आपणहून घेतला. सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मापाच्या काचेत ओतायचं, आकडा वहीत लिहायचा. मी सांगितलं होतं, पाऊस झाला त्या दिवशीच लिहा. सहा महिन्यांनी वही पाहिली तर एक ओळ रिकामी नव्हती. हिवाळ्यातल्या कोरड्याठाक दिवसांपुढंही शून्य. रोज कशाला शून्य लिहिता, असं मी म्हटलं.

"नाही लिहिलं तर कसं समजन," काकू म्हणाल्या, "का पाणी नाही आला, का म्या पाह्यलाच नाही?"

एवढी साधी गोष्ट मी विद्यार्थ्यांना तासभर फळ्यावर समजावत असे. काकू शाळेत सातवीपर्यंत गेलेल्या. वही आहे तशी चालू राहिली.

पहिल्या चारपाच वर्षांतच काकूंनी मला उत्तर सांगून टाकलं होतं. आम्ही दोघी टेकडीवर बसलो होतो, चौकोन रिकामे होते, आणि मी जुलैच्या पावसाचं काहीतरी गणित मांडत होते. त्या म्हणाल्या, पावसाळ्याचं काही नाही बाई, उन्हाळ्यात पाणी आला का घागरी येते, नाही आला का नाही येत. मी हसून सोडून दिलं. आता लिहितानाही मला त्याची लाज वाटते. पावसाळी रोपाचा उन्हाळ्यातल्या पावसाशी काय संबंध, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मी काकूंच्या वहीतले जून ते सप्टेंबरचे आकडे दरवर्षी संगणकात भरत होते. बाकीचे आठ महिने भरतच नव्हते. शून्यंच तर होती.

मग घागरीनं पाठ फिरवली. ओळीनं चार वर्षं सगळ्या चौकोनांत मिळून एकही रोप उगवलं नाही. माझा नवरा म्हणाला, एखादं पीएच.डी.चं काम म्हणून ठीक होतं, आता गुडघे दुखतात तर कशाला जातेस. विभागप्रमुखांनी तर बैठकीतच विषय काढला. ते आकडेमोडीत हुशार, बोलायला सरळ, आणि मनात काही ठेवणारे नव्हेत. त्यांचं म्हणणं, रोप त्या टेकडीवरून गेलं असणार, हे मान्य करून काम बंद करावं. शिवाय पावसाची नोंद गावातल्या बाईनं घरगुती वहीत ठेवलेली, तिच्यावर किती भरवसा ठेवायचा? पुढच्या वेळी टेकडीवरून परतताना, कोराडीच्या थांब्यावर कोळशाचे ट्रक जायची वाट पाहत गाडी उभी होती तेव्हा, एकेक उत्तर सुचत गेलं. पण ऐकायला कोणी नव्हतं.

नंतर करोनाची टाळेबंदी आली. मला नंदनवनातून हलता येईना. काकूंनी मात्र एक दिवस चुकवला नाही. त्यांची सून रोज सकाळी वहीच्या पानाचा फोटो मोबाइलवर पाठवायची. भाद्रपदात सासू-सुनेनं मिळून वीसही चौकोन तपासले, आणि एका फोटोखाली सुनेनं लिहिलं, "सगळे रिकामे, दोनदा पाहिले."

घरात बसून बसून मी शेवटी ते काम काढलं जे पहिल्या वर्षीच करायला हवं होतं. सगळ्या वह्या पुढ्यात घेतल्या आणि उरलेले आठ महिने भरायला बसले. शून्य, शून्य, शून्य. मग एका चैत्रात अचानक मोठा आकडा, शेजारी काकूंच्या अक्षरात "गारा पडल्या". पुन्हा शून्यं. पुन्हा एका वैशाखात दोन आकडे. मी चौकोनांच्या मोजणीचे आकडे शेजारी ठेवले. ज्या ज्या वर्षी घागरी आली, त्या त्या वर्षी टेकडीवर उन्हाळ्यात पाऊस पडलेला होता. ज्या वर्षी नाही आली, त्या उन्हाळ्यात नुसती शून्यं. ती शून्यं काकूंनी लिहिली नसती तर मला हे कधी कळलंच नसतं, कारण मग न पडलेला पाऊस आणि न पाहिलेला पाऊस यांत फरकच राहिला नसता. नागपूरच्या सरकारी नोंदीतही काही सापडलं नसतं. गारांची वादळं एका शिवारावर कोसळतात आणि शेजारचं शिवार कोरडं राहतं.

मी काकूंना फोन केला. तुम्ही म्हणत होता ते वहीत निघालं, मी ऐकायला हवं होतं, असं सांगितलं.

"तुम्ही ऐकलं नाही म्हणून म्या लिहिणं थोडी सोडलं, बाई," त्या म्हणाल्या. मग लगेच माझ्या सासूबाईंच्या तब्येतीची चौकशी केली.

विभागप्रमुखांना मी तक्ता दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, योगायोग असू शकतो, वर्षं मोजकी आहेत. आणि पाऊस लिहिणारीच जर घागरीबद्दल मत बाळगून असेल, तर नोंदीत ते मत उतरलेलं नाही कशावरून? मला राग आला, पण प्रश्न खोटा नव्हता. ते पुढं म्हणाले, "खात्री करायची असेल तर पाऊस तुम्हीच पाडा."

त्यांनी ते सहज म्हटलं असावं. मी ते शब्दशः धरलं.

एक मीटरच्या चौकोनावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. वहीतल्या उन्हाळी पावसाचा अंदाज घेऊन आम्ही वीस मिलिमीटर ठरवला. म्हणजे चौकोनाला वीस लिटर. वीसपैकी दहा चौकोनांना असं पाणी घालायचं, आठ दिवसांनी पुन्हा एकदा, आणि उरलेले दहा कोरडे ठेवायचे. पाणी खालच्या विहिरीतून वर न्यायचं. कोणते दहा हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं होतं. काकूंना ते आधी पटलं नाही. ज्या चौकोनांत पूर्वी घागरी दाट यायची तिथंच पाणी घालावं असं त्यांचं म्हणणं. मी समजावलं की मग आपण आपल्याला हवं तेच उत्तर मिळवू. त्या विचार करून म्हणाल्या, म्हणजे मलेही लबाडी करता नाही येणार. आणि स्वतःच सुनेला चिठ्ठ्या उचलायला बसवलं. यादी एका पाकिटात घालून, चिकटवून, त्यावर तिघींच्या सह्या करून मी विभागप्रमुखांकडे ठेवायला दिली. पाणी घालून झाल्यावर आमच्याजवळची यादीही काकूंनी वहीत डकवून टाकली.

मेच्या सुरुवातीला, पहाटे साडेपाचला आम्ही सुरू केलं. कॅन विहिरीवर भरायचे, पायथ्यापर्यंत मोटारसायकलवर, आणि तिथून वर हातांत. भरलेला कॅन घेऊन त्या मुरमावर पाय ठरत नाही, म्हणून अर्धे भरले आणि फेऱ्या दुप्पट केल्या. पाणी भसकन ओतलं तर वाहून जाईल, पावसासारखं पडायला हवं, म्हणून झारीनं घालायचं. सून झारी धरायची, काकू लिटर मोजायच्या, मी कॅन वाहायची. आठ वाजेपर्यंत मी दर फेरीत मध्येच कॅन खाली टेकवायला लागले. पन्नाशी उलटल्यावर बाईनं कोणत्या कामाला लागावं याबद्दल माझ्या डोक्यात बरेच विचार येत होते. बियांच्या टणक कवचाला तडा जायला ओल हवी आणि लगेच मागून ऊन हवं, असा माझा अंदाज होता. ऊन तर भरपूर होतं. ओलवलेला मुरूम तासाभरात पुन्हा पांढरा पडायचा.

गावातले लोक वावराकडे जाताना थांबून पाहायचे. दुसऱ्या खेपेला एकानं खालून विचारलं, "काय वं काकू, दगडाले पाणी घालून राहिल्या?"

"हो," काकूंनी वरून सांगितलं, "उगवलं का तुले बोलावतो पाहाले."

दुसऱ्या पाण्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी पश्चिमेकडून काळं आभाळ चढलं. सुनेनं फोटो पाठवला. आता खरा पाऊस पडला असता तर वीसही चौकोन भिजले असते आणि सगळी मेहनत फुकट. मी गच्चीवर जाऊन उभी राहिले, जसं काही नंदनवनातून ते ढग हलवता येणार होते. तासाभरानं काकूंचा फोन आला. ढग सावनेरच्या अंगानं गेले. टेकडीवर थेंब नाही. दुसऱ्या दिवशी साडेआठला वहीत शून्य पडलं, आणि कुठल्याही शून्यानं मला इतका आनंद दिला नव्हता.

पावसाळा नेहमीसारखा आला. मी मुद्दाम टेकडीवर गेले नाही. काकूंनाही विनंती केली की माझ्याशी काही बोलू नका. त्यांनी शब्द पाळला. फोनवर पाऊस सांगायच्या, कापूस सांगायच्या, घागरीबद्दल अक्षर नाही. त्यांच्या आवाजावरून मी काही ओळखायचा प्रयत्न करायची, पण काही कळायचं नाही.

भाद्रपदात मोजणीच्या दिवशी मी विभागप्रमुखांना बरोबर घेऊन गेले. रोपं त्यांनी मोजायची, पाणी कुठं घातलं होतं ते त्यांना माहीत नव्हतं. पाकीट त्यांच्या पिशवीत, चिकटवलेलंच. शेवटचा चढ चढून आम्ही वर आलो आणि मी थांबले. टेकडी हिरवट-तपकिरी होती, दरवर्षीसारखीच, आणि तिच्यावर मध्येमध्ये पिवळे तुकडे होते. चौकोनी. कुणी मोजून कापून ठेवल्यासारखे चौकोनी.

काकू माझ्याकडे पाहत नव्हत्या. त्या विभागप्रमुख सरांना पहिली खुंटी दाखवत होत्या.

सरांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, खाली बसले आणि मोजायला लागले. पहिला चौकोन, एकतीस. दुसरा, काही नाही. तिसरा, काही नाही. चौथ्यात ते बराच वेळ बसले. मी आकडे लिहीत होते. अकराव्या चौकोनाला त्यांनी नऊ सांगितली, तेव्हा मागून काकू म्हणाल्या, "आठ हायेत, सर. एक थे दुसरंच झाड हाये, पान पाहा." सरांनी पान पाहिलं. आठच होती. त्यानंतर प्रत्येक चौकोन झाला की ते आकडा सांगण्याआधी काकूंकडे बघायचे.

विसावा चौकोन झाल्यावर ते उठले, गुडघे झटकले. पाकीट काढलं, पण लगेच फोडलं नाही. "हे उघडायची गरज उरलेली नाही," म्हणाले. तरी उघडलं, ओळीओळीनं ताडून पाहिलं. पाणी घातलेल्या दहाही चौकोनांत घागरी होती. कोरड्या दहांपैकी नऊ रिकामे. एका कोरड्या चौकोनात मात्र दोन रोपं होती, खालच्या कडेला. सरांनी तिथं बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

काकूंनी वही उघडली. मे महिन्याचं पान काढलं. दुसऱ्या पाण्याच्या दिवसासमोर लिहिलेलं होतं की सुनेच्या हातून झारी कलंडली, आणि बाजूच्या चौकोनाच्या कडेला पाणी गेलं. चौकोनाचा क्रमांकही होता. तोच.

सर वही हातात घेऊन उभे राहिले. पानं मागं उलटली, आणखी मागं, शून्यांच्या ओळी पाहत. मग वही दोन्ही हातांनी परत देत काकूंना म्हणाले, "बैठकीत मी तुमच्या नोंदीवर शंका घेतली होती. ती चुकीची होती. मी ती त्याच बैठकीत मागे घेईन." त्यांनी ती खरंच घेतली, इतिवृत्तात लिहायला लावून.

काकू टेकडीच्या कडेला गेल्या आणि खाली वावरात काम करणाऱ्या माणसाला हाक मारली. "ये गा वरती, पाहाले." तो आला. मग आणखी चारपाच जण आले. सगळे त्या पिवळ्या चौकोनांभोवती उभे राहिले, आणि काकू त्यांना चिठ्ठ्यांपासून समजावून सांगायला लागल्या. मी बाजूला दगडावर बसले होते. मला एवढंच आठवतं की त्या सांगत होत्या तसं मला वर्गात कधी सांगता आलं नव्हतं.

शोधनिबंध आम्ही दोघींच्या नावानं लिहिला. काकूंच्या नावापुढं संस्था कोणती घालायची असं मासिकाकडून विचारणा झाली, तेव्हा मी त्यांच्या गावाचं नाव घातलं. इंग्रजी मजकूर त्यांनी माझ्याकडून वाक्यावाक्यानं मराठीत वाचून घेतला. सही करायची तर काय लिहिलंय ते समजायला हवं, असा आग्रह. शेवटच्या परिच्छेदाशी आल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"हे 'कदाचित' कशाले लिहिलं? आपण तर डोयानं पाह्यलं."

मी सांगितलं की एकाच वर्षाचा प्रयोग आहे. दुसऱ्या कुठल्या वर्षी असंच होईल की नाही, अजून माहीत नाही. शास्त्रात तेवढ्यावरून ठाम म्हणायची मुभा नाही. त्यांनी मान हलवली. रागावल्या नाहीत. त्यांना ते पटलेलं दिसलं, फक्त आवडलं नव्हतं.

"मंग पुढल्या साली पुन्हा पाणी वाहू," म्हणाल्या.

आम्ही वाहिलं. पुढच्या उन्हाळ्यात, आणि त्याच्या पुढच्याही. दर वेळी नव्या चिठ्ठ्या, नवं पाकीट. माझ्या गुडघ्यांची दया येऊन सुनेनं गावातल्या आणखी दोघींना जोडून घेतलं, आणि खालून कुणी काही विचारलं नाही. तिन्ही वर्षं घागरी जिथं पाणी पडलं तिथंच आली. यंदा दुसरा निबंध लिहून झाला. काकूंच्या ओसरीवर बसून मी त्यांना शेवटचा परिच्छेद वाचून दाखवला, त्या शब्दाशिवाय. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावलं, नीट ऐकलं, आणि सही करायला पेन मागितला.